वैशाखांतलें दान

श्रोतेहो, नाशिक शहराचें नांव निघालें कीं गोदावरी, रामकुंड, पंचवटी आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ ह्या गोष्टी आपोआप डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ह्या क्षेत्रीं बारा वर्षांची वाट न पाहतां दर उन्हाळ्यांत भरणारा आणखी एक मेळा आहे. त्यांत स्नान नाहीं, दक्षिणा नाहीं, मिरवणूक नाहीं. मे महिना लागला कीं गोदेच्या घाटावरील यशवंतराव महाराज पटांगणांत संध्याकाळीं माणसें जमतात, वक्त्याचें भाषण ऐकतात आणि त्याच्यावर वाद घालीत घरोघर परततात. ह्या उपक्रमास वसंत व्याख्यानमाला म्हणतात. त्यांतील ‘वसंत’ हा शब्द थोडा सौजन्याचा आहे, कारण तोंवर वसंत ओसरून उन्हाचा ताप ऐन भरांत आलेला असतो. ह्या उन्हाळी उत्सवाच्या शेजारीं चित्रकलेला आणि तिच्या दालनाला कोणतें स्थान असावें, ह्या प्रश्नाचा आज आपण इतिहासाच्या आधारानें थोडा विचार करूं.

व्याख्यानांची ही वासंतिक प्रथा मूळची पुण्याची. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पुढाकारानें ती तेथें १८७५ सालीं सुरू झाली. नाशिकास ती १९२२ सालीं आली आणि तिचें प्रवर्तन महाबळ गुरुजींनीं केलें. उन्हाळ्याची निवड कांहीं उगीच झालेली नाहीं. ह्या दिवसांत शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, परगांवीं शिकणारीं मुलें घरीं आलेलीं असतात, दिवसा उन्हापायीं कोणी बाहेर पडत नाहीं आणि सूर्य मावळल्यावर नदीवरच्या वाऱ्यासाठीं सारेच बाहेर पडतात. नदीचें पात्र आटलेलें, घाट कोरडा आणि मोकळा, पावसाचें भय नाहीं. अशा वेळीं सभेला छपराची गरज पडत नाहीं. वक्त्यास उभें राहण्यापुरती उंच जागा आणि एक दिवा एवढ्या सामग्रीवर ज्ञानसत्र मांडतां येतें. पटांगणाला ज्यांचें नांव आहे ते यशवंतराव महादेव भोसेकर म्हणजे देव मामलेदार. दुष्काळाच्या वेळीं त्यांनीं सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठीं उघडला आणि १८८७ सालीं नाशिकांत देह ठेवला. लोकांचें धन लोकांस देणाऱ्या ह्या पुरुषाच्या स्मारकापाशीं लोकशिक्षणाचा हा उत्सव नांदावा, हा योग मोठा समर्पक आहे.

त्या काळीं गोदेच्या ह्याच कांठीं आणखी दोन कला आल्या होत्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें आणि दरबारांत वावरणारें संगीत सामान्य गृहस्थाच्या घरांत नेऊन पोंचविलें. आयुष्याच्या उत्तरार्धांत ते नाशिकास आले व पंचवटींत त्यांनीं रामनाम-आधार आश्रम उभारला. दुसरे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या ह्या कर्तबगार पुरुषाचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं आपला मूकपटांचा कारखाना नाशिकास हलविला. फाळके हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. १९४४ सालीं त्यांचें देहावसान नाशिकांतच झालें. वक्तृत्व, संगीत आणि चलचित्र ह्या तीन कला अशा रीतीनें एकाच पिढींत ह्या शहरीं घर करून राहिल्या. चौथी रंगरेषेची कला मात्र मागें राहिली. असें कां झालें?

चित्रकारांची किंवा विषयांची उणीव होती, असें कोणी म्हणणार नाहीं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, कपालेश्वराचें उंचावरचें देऊळ, नारोशंकराच्या मंदिराचें शिखर, पाण्यांत हलणारीं त्यांचीं प्रतिबिंबें आणि घाटावरची माणसांची वर्दळ, एवढा संभार ज्याच्या दारांत आहे त्या चित्रकाराला दूर जावें लागत नाहीं. नाशिकचे शिवाजी तुपे ह्यांनीं हाच घाट आणि ह्याच जुन्या पेठा जलरंगांत उतरवून कीर्ति मिळविली. खरी अडचण कलेच्या प्रकृतींत आहे. शब्द आणि स्वर हवेंत उमटतात व श्रोत्याच्या स्मरणांत राहावयास जातात. रात्रीं त्यांना कुलूप लावून ठेवावें लागत नाहीं. चित्र ही वस्तु आहे. तिला भिंत लागते, बेताचा उजेड लागतो आणि राखणदार लागतो. जलरंगाच्या चित्रावर ऊन सतत पडलें तर कित्येक रंग विटतात, आणि पावसाळी दमट हवा लागली तर कागदावर बुरशी धरते. उन्हाळ्याच्या सायंकाळीं घाटावर मांडलेलीं चित्रें चार दिवस शोभा देतील; परंतु मृगाचा पाऊस आला कीं त्यांना आसरा कोठें? दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढलें ह्यावरून पुराचें माप घेणारें हें शहर आहे. मे महिन्यांत जेथें श्रोते बसतात, तेथून मोठ्या पुराच्या दिवशीं गोदावरी वाहत असते.

मुंबईचा क्रम ह्याच्या उलट आहे, आणि तो पाहिला असतां नाशिकचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तेथें १८५७ सालीं कलाशाळा निघाली, १८८८ सालीं बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि १० जानेवारी १९२२ रोजीं, म्हणजे नाशिकच्या व्याख्यानमालेच्या जन्मवर्षींच, प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमचें उद्घाटन झालें. तरीहि हयात चित्रकारांनीं आपलीं चित्रें लोकांपुढें मांडावीं असें मोठें सार्वजनिक दालन मुंबईस लाभावयाला २१ जानेवारी १९५२ चा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं जहांगीर आर्ट गॅलरीचें उद्घाटन झालें. तिच्या अंगणाभोंवतीं काळा घोडा कला उत्सव भरूं लागला तो १९९९ सालापासून. म्हणजे तेथें दालन आधीं आणि उत्सव जवळजवळ अर्ध्या शतकानें मागाहून. शिवाय तो उत्सव फेब्रुवारीच्या सौम्य हवेंत भरतो; आणि पावसाळ्यांत उत्सव नसतांना त्याच दालनांत कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांच्या कृतींचें प्रदर्शन मांडलें जातें. नाशिकांत उत्सव आधीं आला. दालनें मागाहून आलीं; आज कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणीं तेथें चित्रप्रदर्शनें भरतात. जेथें शब्दाचा उत्सव आधींच प्रस्थापित आहे, तेथें चित्रशाळेनें त्यांत सामील व्हावयाचें तें पाहुण्यासारखें कीं घरच्यासारखें, हा प्रश्न म्हणून नाशिकापुढें विशेष रीतीनें उभा राहतो.

त्याचें एक जुनें उत्तर नाशिकच्याच दगडांत कोरलेलें आहे. शहराच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मि डोंगरावर २४ लेणीं आहेत. लोक त्यांना पांडवलेणीं म्हणतात. त्यांतील अठरावें लेणें हें चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर अत्यंत नाजूक कोरीवकाम आहे आणि दारावरील कमानींत एक लहानसा लेख आहे. नाशिककरांपैकीं धंभिक गांवाचें हें दान, एवढाच त्याचा आशय. तेथें कोणा राजाचें नांव नाहीं, सेनापतीचें नाहीं, श्रेष्ठीचेंहि नाहीं. शेंकडों वर्षें लोक माना वर करून पाहत आले तें शिल्प एका गांवानें दिलेलें आहे.

दहाव्या लेण्यांतील लेख ह्याहून बोलका आहे. तो क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्याचा असून त्यांत ४२ वें वर्ष आणि वैशाख महिना असा काल दिला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ही गोष्ट. उषवदातानें लेणें कोरवून संघाला अर्पण केलें आणि तेवढ्यावर न थांबतां ३००० कार्षापणांची कायमची ठेव करून दिली. त्यांतले २००० त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें ठेवले आणि उरलेले १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें ठेवले. मुद्दल कधींहि परत मिळावयाचें नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट घातली. पहिल्या रकमेचें व्याज वस्त्रांसाठीं होतें. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकीं प्रत्येकास वस्त्रासाठीं १२ कार्षापण द्यावे असें तेथें लिहिलें आहे.

श्रोतेहो, हा हिशेब ताडून पाहण्यासारखा आहे. २००० वर शेंकडा १ प्रमाणें महिन्याचें व्याज २०, म्हणून वर्षाचें २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकीं १२, म्हणजेहि २४०. एक कार्षापण उरत नाहीं आणि एक कमी पडत नाहीं. ज्यानें डोंगर कोरविला त्यानेंच पुढच्या पिढ्यांच्या वस्त्रांचा आंकडाहि बसवून दिला. दान वैशाखांतलें, पण त्याची दृष्टि आषाढ-श्रावणाकडे लागलेली. उन्हाळ्यांतल्या उत्साहाच्या दिवशीं पावसाळ्याच्या निवाऱ्याची तजवीज करणें, ह्यालाच संस्था उभारणें म्हणतात. शेवटीं लेख असें सांगतो कीं हें सर्व निगमसभेंत वाचून ऐकविण्यांत आलें आणि फलकावर नोंदविण्यांत आलें. म्हणजे दान, त्याचें व्याज आणि त्याचा विनियोग हीं तिन्ही नगराच्या कानांवर घातलेलीं होतीं.

हें दान कोणासाठीं होतें, तेंहि लेखांत स्पष्ट आहे. चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघासाठीं तें होतें. अमक्याच प्रांताच्या किंवा अमक्याच पंथाच्या भिक्षूंनीं तेथें राहावें, असें दात्यानें म्हटलेलें नाहीं. आपण आज ज्याला ‘सार्वजनिक’ म्हणतों त्याचा हा आद्य अर्थ. नाशिकांत १८४० सालीं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच आजचें सार्वजनिक वाचनालय होय. पण हा शब्द पाटीवर लिहिणें सोपें आणि दारांत खरा करणें कठीण आहे. ह्याच नदीच्या कांठीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षामागून वर्ष त्या दाराशीं उभे राहिले, तरी सत्याग्रह चालला तोंवर तें दार त्यांच्यासाठीं उघडलें नाहीं. चित्रशाळेच्या दारावर असा पहारा नसतो, हें खरें. परंतु गुळगुळीत फरशी, कांचेचें दार आणि आंतली शांतता पाहूनच भाजी विकून परतणाऱ्या बाईचें किंवा हमालाचें पाऊल अडखळतें. ‘हें आपल्यासाठीं नव्हे’ असें तेथें कोणी बोलून दाखवीत नाहीं. तें न बोलतांच कळतें.

उन्हाळी उत्सवांत चित्रदालनानें भाग घेण्याचें खरें प्रयोजन येथें दिसूं लागतें. घाटाला उंबरठा नाहीं. पटांगणांत बसणाऱ्यास कोणी त्याची विद्या विचारीत नाहीं. कंटाळा आला तर तो उठून जातो आणि गोडी लागली तर दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याला घेऊन येतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संवयीनें मिळविलेली ही निःसंकोच वर्दळ म्हणजे व्याख्यानमालेची ठेव आहे, आणि कोणत्याहि दालनाला ती पैसे मोजून मिळावयाची नाहीं. उलट, जें ऐकलें तें विरून जाऊं नये, ह्यासाठीं लागणारी भिंत आणि छप्पर दालनापाशीं आहे. गोदेच्या पुराचें व्याख्यान घाटावर ऐकलेल्या माणसाला पुराच्या आधींचा घाट जुन्या जलरंगांत पाहावयास मिळाला, आणि फाळक्यांविषयीं ऐकलेल्या मुलाला रेखाचित्रापासून छायाचित्रापर्यंतचा प्रवास भिंतीवर क्रमानें दिसला, तर कान आणि डोळा एकमेकांचे साक्षी होतील. ज्याचें पाऊल मे महिन्यांत घाटावर मोकळें पडलें, तें श्रावणांत दालनाच्या दारांत अडखळणार नाहीं.

मात्र ह्यासाठीं केवळ महिनाभर चित्रें मांडून भागणार नाहीं. उत्सवाचा खर्च वर्गणीवर निघतो, कारण उत्सव संपतो. दालन संपत नाहीं. त्याला जून महिन्यांत गळणारें छप्पर असतें, जुलैंत बुरशी असते आणि बारा महिने राखणदाराचा पगार असतो. त्याला उषवदाताच्या जातीची ठेव पाहिजे. ती एका धनिकाचीच असली पाहिजे असें नाहीं, कारण चैत्याचें दार एका गांवानें दिलें आहे, हें आपण पाहिलेंच. नगरवासीयांनीं दर उन्हाळ्यांत आपल्याच चित्रकाराचें एखादें चित्र नगरासाठीं विकत घ्यावें आणि त्याच्या निगेची रक्कम त्याच वेळीं बाजूला काढावी. मग मे महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळीं, आभाळांत ढग जमूं लागले असतां, पटांगणांत वाचून दाखवावें: कोणतें चित्र घेतलें, किती लोकांनीं पैसे दिले, व्याज किती येणार आणि पावसाळ्यांत तें कोणत्या भिंतीवर पाहावयास मिळणार. आणि तें सर्व एका फलकावर लिहून ठेवावें.