हेडलाइटमधील बाष्प आणि वॉरंटीचा हक्क

जालना, प्रतिनिधी - पावसाळ्यात, आणि त्यानंतरच्या दवाच्या दिवसांत, मोटारीच्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरलेली दिसते. काही गाड्यांत ही वाफ तासाभरात विरते. काहींत मात्र थेंब ओघळतात आणि दिव्याच्या तळाशी पाणी साचते. पहिल्या प्रकारात काळजीचे कारण नसते. दुसऱ्या प्रकारात दिवा सदोष असण्याची शक्यता असते. या दोहोंतील फरक ठाऊक नसल्याने अनेक वाहनधारक एक तर विनाकारण वाद घालतात, किंवा वॉरंटीचा हक्क असूनही खिशातून पैसे भरतात.

हा प्रश्न केवळ गाडीच्या देखणेपणाचा नाही. ऊस गाळपाचा हंगाम आणि दवाचे दिवस साधारण एकाच वेळी येतात. अंबड, घनसावंगी परिसरातील रस्त्यांवर त्या काळात रात्री उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या धावत असतात. त्यांतील सर्वांना मागे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या असतातच असे नाही. अशा वेळी प्रकाशाचा झोत पाण्याच्या थेंबांमुळे फाकला, की समोरचे वाहन उशिरा दिसते आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळेही दिपतात.

बाष्प का धरते?

आधुनिक हेडलाइट पूर्णतः हवाबंद नसतो. दिवा तापला की आतील हवा प्रसरण पावते. तिला वाट मिळावी म्हणून मागील बाजूस लहान श्वसनछिद्रे ठेवलेली असतात. दिवा विझून थंड झाला, की याच छिद्रांतून बाहेरची हवा आत येते. ती दमट असेल तर तिच्यातील बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे समोरच्या काचेवर जमते. ही 'काच' वस्तुतः पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. गार पाण्याने गाडी धुतल्यावर किंवा पहाटेच्या थंडीत हा परिणाम ठळक दिसतो.

एलईडी दिव्यांत हे धुके अधिक काळ टिकते. हॅलोजन दिव्याच्या उष्णतेने पुढची काच लवकर गरम होते. एलईडीची उष्णता मुख्यतः मागील धातूच्या पट्ट्यांकडे जाते, त्यामुळे पुढची काच तुलनेने थंडच राहते.

धुके आणि गळती यांतील फरक

साधे गणित येथे उपयोगी पडते. तीस अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावते; वीस अंशांना ते सुमारे १७ ग्रॅमवर येते. दिव्यातील पोकळी १० लिटरची धरली, तर पूर्ण दमट हवा दहा अंशांनी थंड झाल्यावर सुटणारे पाणी जेमतेम ०.१३ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंबांइतके भरते. काचेवर पातळ थर येण्यास ते पुरेसे आहे. तळाशी पाणी साचण्यास मात्र नाही. त्यामुळे दिव्यात चमचाभर पाणी दिसले, तर ते हवेतून नव्हे, फटीतून आले असे समजण्यास सबळ आधार मिळतो.

पातळ, एकसारखा थर असेल आणि दिवे लावून गाडी काही काळ चालवल्यावर किंवा कोरड्या उन्हात तो विरत असेल, तर ती नैसर्गिक क्रिया मानली जाते. मोठे थेंब, ओघळ, साचलेले पाणी, दिवसेंदिवस न विरणारे धुके किंवा आतील परावर्तकावर पडलेले डाग ही गळतीची लक्षणे आहेत. एकाच वातावरणात उभ्या गाडीचा एक दिवा स्वच्छ आणि दुसरा सतत ओला राहत असेल, तर संशय अधिक बळावतो.

पाणी शिरते कोठून?

काच आणि मागील डबा यांना जोडणारा थर सुटणे, काचेला बारीक तडा जाणे, बल्ब बदलल्यावर मागील रबरी टोपी नीट न बसणे, ही नेहमीची कारणे आहेत. चिखल किंवा धूळ बसून श्वसनछिद्रे बुजली, तर आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही. काळ्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांना हा धोका अधिक. वॉशिंग सेंटरवर जोरदार फवारा दिव्याच्या कडांवर किंवा बॉनेट उघडून मागील टोप्यांवर जवळून मारल्यासही पाणी आत जाऊ शकते.

वॉरंटी कशाला लागू, कशाला नाही

नव्या गाडीची वॉरंटी ठरावीक कालावधी किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. साहित्यातील किंवा जोडणीतील दोषामुळे दिव्यात पाणी शिरले असेल, तर दुरुस्ती किंवा बदल विनामूल्य मिळणे अपेक्षित असते. नैसर्गिक धुके, अपघाताचा मार आणि दगडाने गेलेला तडा सामान्यतः वॉरंटीत बसत नाहीत. जास्त वॅटचे बल्ब बसवण्यासाठी मागील टोपीला भोक पाडून तारा ओढल्या असतील, तर दावा नाकारण्यास कंपनीला आयतेच कारण मिळते. दिवा उघडून सिलिकॉन भरणे किंवा पाणी जाण्यासाठी छिद्र पाडणे, हे उपायही वॉरंटीच्या काळात टाळावेत.

तडा अपघाताने गेला असल्यास मार्ग विम्याचा आहे. मात्र सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. घसारामुक्त पॉलिसी असल्यास ही कपात टळते.

तक्रारीची योग्य रीत

वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत काच अनेकदा कोरडी होते आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. म्हणून पाणी दिसेल तेव्हाच तारखेसह छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी; दिवे अर्धा तास लावल्यानंतरचे चित्रही काढावे. अधिकृत सेवा केंद्रात तक्रार तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून घ्यावी व त्याची प्रत मागावी. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागास ई-मेल पाठवून मालकाच्या माहितीपुस्तिकेतील संबंधित कलमाचा उल्लेख करावा. दिवा बदलून मिळाल्यास झोताची उंची व दिशा तपासून घेण्यास विसरू नये.

दाद कोठे मागावी?

एवढ्याने प्रश्न न सुटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातून घेतली असली, तरी भोकरदन किंवा परतूरच्या रहिवाशाला जालन्यातच दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहकाने मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत एक हजार रुपये शुल्क आहे. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळाद्वारे ऑनलाइन तक्रारीची सोय झाली आहे. वकील लावणे बंधनकारक नाही.

मागणी मात्र वाजवी असावी. एखादा भाग बदलून दोष दूर होत असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगाशी संबंधित प्रकरणात २००६ मध्ये घेतली होती. त्यामुळे दिवा बदलून मिळावा, झालेला खर्च व त्रासाची भरपाई मिळावी, एवढीच मागणी टिकण्याची शक्यता अधिक. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी मुख्यतः तक्रारदारावर असते. ओल्या दिव्याची छायाचित्रे आणि जॉब कार्डाची प्रत यांचे मोल तेथेच कळते.

लक्षात ठेवण्याजोगे

- पातळ धुके विरते. साचलेले पाणी गळती दाखवते.
- फवारा दिव्याच्या कडांवर जवळून मारू देऊ नये.
- बल्ब बदलल्यावर रबरी टोपी घट्ट बसल्याची खात्री करावी.
- वॉरंटी संपण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवावी.
- जॉब कार्ड, ई-मेल आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.