प्रस्तावना : वाट कुणाची?

क्रिकेट खेळत मोठा झालेला माणूस सॉफ्टबॉलकडे वळला की हमखास अडतो तो अडथळ्याच्या नियमापाशी. भिवंडीत यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या मधे सापडेल त्या मोकळ्या जागेत खेळताना आपण एकच न्याय शिकलेलो असतो : मुद्दाम आडवा आलास तर आऊट, चुकून लागला तर राहू दे. क्रिकेटचा ३७वा नियमही हेतूच विचारतो. १९८९ साली अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ त्याच नियमाने बाद झाला.

सॉफ्टबॉलमध्ये हा न्याय बाजूला ठेवावा लागतो. जमिनीवरून आलेला फटका उचलायला क्षेत्ररक्षक झेपावली आणि धावक तिच्यावर आदळली, तर धावक बाद. ती सरळ आपल्या वाटेने धावत होती, मनात काही नव्हतं, हे सगळं खरं, तरीही बाद. त्या क्षणी वाट क्षेत्ररक्षकाची असते. पण तीच क्षेत्ररक्षक हाती चेंडू नसताना, कुणी फेकेल म्हणून वाट अडवून उभी राहिली, तर चूक तिची. जागा तीच, टक्करही तीच, निकाल मात्र उलटा.

इथवर सगळ्या संस्थांचं बहुतांशी एकमत आहे. मतभेद सुरू होतो फेकलेल्या चेंडूपाशी. बेसबॉलच्या नियमात तिथे 'मुद्दाम' हा शब्द आहे. अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघटनेने तो काढून टाकला. पंचाला मन दिसत नाही, कृती दिसते, हा त्यामागचा युक्तिवाद. नुसता पाठीवर चेंडू आदळला म्हणून धावक तिथेही बाद होत नाही. तिने काहीतरी केलेलं असावं लागतं. आणि गंमत अशी, की क्षेत्ररक्षकाला लागून उडालेल्या फटक्याच्या बाबतीत त्याच संघटनेच्या नियमपुस्तकात 'मुद्दाम' पुन्हा हजर! मला स्वतःला फेकीपुरता बेसबॉलचाच नियम पटतो. मागून येणारा चेंडू धावकाला दिसणार कसा?

आपल्याकडे भारतीय सॉफ्टबॉल संघटना १९६१पासून आहे. २०१३मध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटना एक झाल्या. पण म्हणून नियमही एक झाले असं नाही. शिवाय आपले क्रीडाशिक्षक मोबाइलवर पाहतात त्या चित्रफिती बऱ्याचदा अमेरिकी शाळांच्या सामन्यांच्या असतात, आणि तिथल्या शाळांचं नियमपुस्तक वेगळंच. तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती : संघ मैदानात उतरवण्याआधी स्पर्धेच्या पत्रकात कोणत्या संस्थेचे नियम लिहिले आहेत, ते वाचा. लिहिलेले नसतील, तर नाणेफेकीपूर्वी पंचांना विचारा.