हाड, छू आणि 'सिट'

गेल्या दिवाळीनंतर आमच्या अमरावतीच्या घरी कुत्र्याचे एक पिल्लू आले. जात वगैरे काही नाही. गावठी, तांबूस रंगाचे, जेमतेम दोन महिन्यांचे. घरातील सर्वांनी त्याचे शिक्षण तत्काळ आरंभले आणि ते कोणीही न ठरवता इंग्रजीतून सुरू झाले. 'सिट', 'कम', 'नो', 'स्टे'. आठवडाभर हा प्रकार कुंपणापलीकडून पाहिल्यावर शेजारच्या आजींनी विचारले, "काहून हो भाऊ, याले आपली बोली समजत नाही काय?"

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आयुष्य मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाला कुत्र्याच्या पिल्लाशी मराठीत बोलणे का सुचू नये? एक दिवस हट्टाने 'बस' म्हणून पाहिले. पिल्लाला काही फरक पडला नाही. आम्हालाच ते परके वाटले. या परकेपणाचा इतिहास शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

कुत्र्यासाठी मराठीत शब्द नाहीत असे नाही. बोलावताना आपण 'यू यू' करतो, अंगावर सोडताना 'छू' म्हणतो आणि हाकलताना 'हाड'. पण हे तिन्ही शब्द अंतराचे आहेत. दूर असलेल्याला भाकरीपुरते जवळ आणायचे, जवळ असलेल्याला दुसऱ्यावर धाडायचे किंवा दारातून घालवून द्यायचे. 'इथे माझ्याजवळ थांब' असे सांगणारी रूढ हाक आम्हाला आठवेना. याउलट बैल पाहा. शेतकऱ्याच्या तोंडी त्याला वळवण्याचे, थांबवण्याचे, चालते करण्याचे वेगवेगळे इशारे असतात. गोऱ्ह्याला जुवाखाली आणणे हे वऱ्हाडात कौशल्याचे काम मानले जाते आणि पोळ्याच्या सणात त्या नात्याचा मानही होतो. बैलाची जागा व्यवस्थेत ठरलेली होती. कुत्र्याची जागा उंबरठ्याबाहेर होती, आणि उंबरठ्याबाहेरच्याला शिकवायचे ते काय?

आपल्या वाङ्मयीन परंपरेने याचे उत्तर दोन प्रकारे दिले आहे. एक म्हणीतले : कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. दुसरे दंतकथेतले : रायगडावर स्वामीच्या चितेत उडी घेणारा वाघ्या. वाघ्याच्या कथेला समकालीन साधनांत आधार मिळत नाही. गडावरचे त्याचे स्मारक १९३६ सालचे. २०१२ साली ते हटवले गेले, पुन्हा बसवले गेले आणि वाद अद्याप मिटलेला नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यास'ने ही कथा मराठी मनात रुजवण्यास मोठा हातभार लावला. कथा खरी की खोटी, हा आमचा विषय नाही. म्हण आणि दंतकथा एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, तरी त्या एकच गोष्ट सांगतात, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. म्हणीतल्या कुत्र्याचा स्वभाव सुधारत नाही, वाघ्याचा स्वभाव जन्मजात थोर आहे. दोहोंमध्ये शिक्षणाला जागा नाही. वाघ्याला कोणी, कसे वाढवले असेल, असा प्रश्न ही कथा वाचताना आपल्या मनात कधी आला होता काय?

आणि तरीही शिकवलेले कुत्रे या भूमीत होतेच. मराठीचे अभ्यासक ज्या 'मानसोल्लासा'कडे ओवीच्या प्राचीन उल्लेखासाठी वळतात, त्याच ग्रंथात कुत्र्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाने करमणूक कशी करावी याचे विस्तृत विवेचन आहे. त्यातल्या 'सारमेयविनोदा'त कुत्र्यांचे गुण त्यांच्या जन्मदेशानुसार सांगितले असून शिकारीसाठी त्यांचा विचार केला आहे. आम्ही विद्यार्थ्यांना ओवीचा संदर्भ वर्षानुवर्षे सांगितला, त्याच ग्रंथातल्या या प्रकरणाकडे मात्र पिल्लू घरात येईपर्यंत ढुंकूनही पाहिले नव्हते. असो.

अमरावतीहून फार दूर नसलेल्या रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्राच्या लीळा संकलित केल्या. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेली सशाची लीळा त्यातलीच. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयास येतो, पारधी तो मागतात, स्वामी शरण आलेल्याला सोडत नाहीत. ही लीळा आपण अहिंसेचा पाठ म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण एकदा कुत्र्यांच्या बाजूने वाचून पाहावी. ससा पैजेचा आहे. म्हणजे कोणाचे कुत्रे सरस, यावर माणसांची प्रतिष्ठा पणाला लागलेली आहे. पैज लागते तेथे पारख असते, आणि पारख असते तेथे तालीमही असणार. चरित्रकाराला सशाविषयी आणि स्वामींविषयी सांगायचे होते. लीळेत कुत्री, म्हणजे तेव्हाच्या भाषेतील 'सुणीं', धावत येतात आणि थांबतात. ती कोणी घडवली, हे सांगण्याचे प्रयोजन त्याला नव्हते.

धनगरांचेही तेच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे (१९५५) मेंढपाळांचे जग मराठी कादंबरीत आले. त्या जगात कुत्रा हा कुटुंबाच्या कमाईचा राखणदार असतो. लांडग्यापासून मेंढरे राखायची तर कुत्र्याने मेंढरांना आपली मानले पाहिजे, आणि त्यासाठी पिल्लू लहानपणापासून कळपातच वाढावे लागते. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी दीर्घकाळ कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा एक प्रमुख निष्कर्ष असाच आहे : जन्मानंतर सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात येते त्यांच्याशी त्याचे नाते सहज जुळते, पुढे ते दार हळूहळू लोटले जाते. मेंढपाळाला हे ग्रंथ न वाचता ठाऊक होते. अडचण एवढीच की ज्यांना ठाऊक होते ते लिहीत नव्हते आणि जे लिहीत होते त्यांच्या अंगणात कुत्रा 'हाड'पुरताच होता. मराठी ग्रंथभाषेत कुत्र्याच्या शिक्षणाची परिभाषा नाही याचे कारण मराठी माणसाला ते ज्ञान नव्हते हे नव्हे. लेखणी आणि ते ज्ञान वेगवेगळ्या घरांत राहत होते, हे आहे. पशुपालनाच्या आणि रानाच्या किती विद्या अशा तऱ्हेने भाषेबाहेर राहिल्या, याचा हिशेब मारुती चितमपल्लींनी रानातल्या लोकांकडून शब्द वेचून आणले तेव्हा थोडासा लागला.

उंबरठ्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता. त्याविरुद्धचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्याच वर्षी आमच्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवणाऱ्या समाजात 'पाळीव' प्राण्यावरचे प्रेम ही निरागस गोष्ट राहत नाही. कुत्र्याला दिवाणखान्यात घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये.

भूतदयेची परंपरा आपल्याकडे अर्थातच मोठी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. पण त्याच वऱ्हाडी घरांत दासगणूंचे 'गजानन विजय' वाचले जाते, आणि त्यात भास्कर पाटलाला पिसाळलेले कुत्रे चावल्याचा प्रसंग आहे. तो श्रोत्यांच्या अंगावर काटा आणतो, कारण ते भय खरे होते. रेबीजवरील लसीसाठी पाश्चर इन्स्टिट्यूट कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली निघाली. वऱ्हाडातून तेथवर कोण पोहोचणार? पुढे लस गावोगाव मिळू लागली, ती पोटातल्या चौदा सुयांची दहशत घेऊन. मेंदूच्या ऊतकांपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. 'हाड' या शब्दात नुसता तिटकारा नाही, हे भयही आहे. आता अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, पिल्लाला वेळेवर लस टोचता येते, आणि म्हणूनच उंबरठा ओलांडणे शक्य झाले आहे.

इंग्रजी नेमकी कोठून आली? १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमरावतीच्या एका भागाचे 'कॅम्प' हे नाव त्या काळाची खूण आहे. साहेबाच्या बंगल्यात कुत्रा घरात राहत असे आणि त्याच्या देखभालीला देशी नोकर असे. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात कुत्री सांभाळणाऱ्या या नोकरासाठी 'दोरिया' हा शब्द नोंदला आहे, दोरी धरणारा तो दोरिया. त्या पिल्लांना प्रत्यक्षात घडवणारा हा माणूस त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलत असेल? निदान सदासर्वकाळ इंग्रजीत खचित नसेल. पण पुढे बंगल्यातून मध्यमवर्गीय घरात कुत्रा आला तो साहेबाची भाषा घेऊन. दोरियाची भाषा मागेच राहिली. मोतीचा टॉमी झाला तो असा. कुत्रे पाळणाऱ्या घरांची पु. ल. देशपांड्यांनी 'पाळीव प्राणी'मध्ये यथेच्छ थट्टा केली, त्या थट्टेच्या मुळाशी हे उसने साहेबीपणही आहे.

भाषेबरोबर पद्धतही उसनी आली. जर्मनीत कोनराड मोस्टचे श्वानशिक्षणावरील पुस्तक १९१० साली निघाले. पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या तालमीवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव होता आणि त्यात सक्तीला मोठे स्थान होते. सक्तीवर आपलाही विश्वास होताच. शिकवणे या अर्थाने आपण 'वठणीवर आणणे', 'वेसण घालणे' हे वाक्प्रचार किती सहज वापरतो! चुकीला शिक्षा देण्याऐवजी हव्या त्या वर्तनाला तत्क्षणी बक्षीस द्यावे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. कॅरन प्रायर यांचे १९८४ सालचे पुस्तक त्याच्या प्रसारातले एक महत्त्वाचे नाव.

हा सारा इतिहास वाचूनही आम्ही जे केले ते सांगायलाच हवे. पिल्लाने दिवाणखान्यात घाण केली तेव्हा आम्ही वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारले. फार जोराने नाही, असे आम्ही स्वतःला सांगतो. ते पलंगाखाली गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही. त्यानंतर दिवाणखाना स्वच्छ राहू लागला. चार दिवसांनी कपाटामागे वास आला तेव्हा कळले की 'घरात करू नये' हे ते शिकलेच नव्हते. 'यांच्यादेखत करू नये' एवढेच शिकले होते. तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला ही कपाटामागची जागा ओळखीची वाटली. मग सुरळी बाजूला ठेवली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला अंगणातल्या एकाच कोपऱ्यात न्यायचे, काम झाले की त्याच क्षणी पोळीचा तुकडा द्यायचा. तीन आठवडे लागले. रात्री दोनदा उठावे लागे.

राहिली भाषा. पावलोव्हला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनसंस्थेवरील कामाबद्दल. पण कुत्र्यावरील त्याच्या प्रयोगांनी दाखवले ते असे की संकेताला स्वतःचा अर्थ नसतो, त्यापाठोपाठ जे येते तोच त्याचा अर्थ. आम्ही आता 'बस', 'ये', 'थांब' म्हणतो. 'थांब' या शब्दाला अजून घरातल्या मुलांची जीभ वळत नाही, ती 'स्टे'च म्हणतात. पिल्लू दोन्ही पाळते. आजींचे मात्र निराळेच झाले. कुंपणाशी येऊन त्या सवयीने "हाड, हाड" करतात आणि मागून, कोणी पाहत नाही असे समजून, भाकरीचा तुकडा टाकतात. आता हाड म्हटले की ते जिथे असेल तिथून शेपूट हलवत कुंपणाकडे धावते.