‘खास तुमच्यासाठी’ बनवलेलं औषध: बारीक होण्याच्या गोळ्यांची नव्वद वर्षं

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी वजन कमी करायच्या इंजेक्शनचा विचार करत असेल, तर दहा मिनिटं काढून वाचाच.

चाळिशी ओलांडलेल्यांना ‘कंपाउंडर’ म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. डॉक्टर आत तपासायचे. बाहेर छोट्या खिडकीमागे कंपाउंडर दोन-तीन औषधं एका बाटलीत मिसळायचा आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. औषध त्या पेशंटपुरतंच बनलेलं असायचं. पुढे कारखान्यातल्या गोळ्या आल्या आणि आपल्याकडचा कंपाउंडर नावापुरता उरला.

अमेरिकेत मात्र हे काम बंद पडलं नाही. तिथे ‘कंपाउंडिंग फार्मसी’ हा आजही कायदेशीर धंदा आहे आणि त्याची खरी गरजही आहे. एखाद्या लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, एखाद्याला गोळीतल्या रंगाची ॲलर्जी असते. अशा एका माणसासाठी फार्मासिस्ट औषध वेगळं बनवून देतो. गेल्या काही वर्षांत याच वाटेने वजन कमी करायची इंजेक्शनं लाखो लोकांपर्यंत गेली. जोडीला नवी जाहिरात आली: तुमचा डीएनए तपासू आणि औषध ‘खास तुमच्यासाठी’ ठरवू.

ऐकायला छानच वाटतं. पण ‘खास तुमच्यासाठी’ हे शब्द या धंद्यात नवे नाहीत. त्यांचा इतिहास बघू.

१९३३ : गोळी सगळ्यांना एकच

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन हाताळत. त्यांना घाम फुटायचा, ताप चढायचा, वजन उतरायचं. काही दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच रसायन वजन कमी करायला वापरून बघितलं. वजन उतरलं. वर्षभरात सुमारे एक लाख अमेरिकनांनी ते घेतलं असावं, असा तेव्हाचा अंदाज होता. मग मोतीबिंदू व्हायला लागले, माणसं मेली. पण विक्री थांबवायला सरकारकडे पुरेसा कायदाच नव्हता.

कायदा आला तो दुसऱ्याच दुर्घटनेमुळे. १९३७ मध्ये सल्फा औषधाचं पातळ मिश्रण बनवताना एका कंपनीने डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावण वापरलं. शंभराहून जास्त लोक गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. (मुंबईकरांना हे नाव आठवेल. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष गेलं, १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला.) १९३८ च्या अमेरिकन कायद्याने ठरवलं की नवं औषध सुरक्षित असल्याचे पुरावे आधी द्या, मग विका.

इंद्रधनुषी गोळ्या

आता व्यापाऱ्यांनी पळवाट शोधली. १९४० च्या दशकापासून तिथे ‘रेनबो पिल्स’ निघाल्या. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. आत काय? भूक मारायला ॲम्फेटामिन, थायरॉइडचं संप्रेरक, लघवी वाढवणारं औषध, जुलाबाचं औषध, शिवाय हृदयरोग्यांना देतात ते डिजिटॅलिस. रंग इतके कशाला? प्रत्येक पेशंटला वेगळ्या रंगांची जुडी द्यायची, म्हणजे त्याला वाटावं की डॉक्टरांनी आपली प्रकृती बघून हे नेमकं आपल्यासाठी निवडलंय. कंपन्या डॉक्टरांना हेच शिकवत होत्या.

हे उघडं पाडण्यात एका पत्रकाराचा मोठा वाटा होता. ‘लाइफ’ मासिकाची सुझॅना मॅकबी दहा डॉक्टरांकडे पेशंट म्हणून गेली. बाई मुळात सडपातळ. तरी तिला मिळून १,४७९ गोळ्या दिल्या गेल्या. १९६८ मध्ये हे छापून आलं, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि सरकारने कोट्यवधी गोळ्या जप्त केल्या. तोवर बऱ्याच जणांचा जीव गेला होता.

धडा विसरायला तीस वर्षंही लागली नाहीत. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही दोन औषधं वेगवेगळी मंजूर होती. ती एकत्र द्यायला मंजुरी कधीच नव्हती. तरी ‘फेन-फेन’ नावाने ही जोडी तुफान चालली. १९९६ या एका वर्षात १ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं.

खोट्या नावांचे पेशंट

२०१२ ची गोष्ट वजनाची नाही, पण ती टाळून पुढे जाता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीने पाठदुखीची स्टेरॉइड इंजेक्शनं हजारोंनी बनवून राज्याराज्यांत पाठवली. त्यात बुरशी होती. २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले, ६४ मेले.

कायद्याप्रमाणे अशी फार्मसी एका पेशंटच्या चिठ्ठीवर औषध बनवते, म्हणून तिला कारखान्याइतकी तपासणी नसते. इथे कारखानाच चालला होता आणि कागदावर बनावट पेशंटांची नावं होती. त्यात सिनेनट-गायकांचीही नावं निघाली! म्हणजे ‘एका माणसासाठी’ ही सवलत घाऊक धंद्याला वापरली गेली. २०१३ मध्ये कायदा कडक झाला.

इंजेक्शनचा तुटवडा आणि नवी पळवाट

आता आजच्या औषधाकडे येऊ. आपण जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं, पण रक्तात मिनिट-दोन मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइड हे त्याचं टिकाऊ रूप, आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत १,९६१ जणांवर ते तपासलं. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसती सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. जुन्या गोळ्यांसारखी ही फसवणूक नाही, औषध खरं आहे.

खरं होतं म्हणूनच उड्या पडल्या. २०२२ मध्ये तुटवडा जाहीर झाला. तुटवड्यात कंपाउंडिंग फार्मसीला तेच औषध बनवायची मुभा असते. मूळ इंजेक्शनची छापील किंमत महिन्याला १,३०० डॉलरच्या वर, फार्मसीचं त्याहून कितीतरी स्वस्त. लोक तिकडे गेले त्यात नवल नाही. विम्याने नकार दिलेल्या माणसाने करायचं तरी काय?

पण मूळ औषध ठरलेला डोस देणाऱ्या पेनमध्ये येतं. फार्मसीचं बऱ्याचदा छोट्या बाटलीत, सिरिंजने आपलं आपण ओढायचं. मिलिलिटर आणि युनिट यांत घोळ झाला. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की काही लोकांनी ५ ते २० पट डोस टोचून घेतला आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. आपला कंपाउंडर खाचांची पट्टी का चिकटवायचा ते इथे कळतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं जाहीर झालं. सवलत गेली, नक्कल करायला बंदी आली. मात्र पेशंटला खरंच वेगळं औषध लागत असेल तर बनवता येतं, ही जुनी तरतूद राहिली. बघता बघता डोस थोडा बदलून किंवा बी-१२ जीवनसत्त्व मिसळून इंजेक्शनं ‘पर्सनलाइज्ड’ झाली. एका माणसाची गरज म्हणून ठेवलेलं दार लाखो माणसांना एकदम कसं लागू होतं, हा प्रश्न १९६८ मध्येही होता.

आणि डीएनए?

जनुकांचा वजनाशी संबंध नाही असं मुळीच नाही. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडं सापडली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. एका जनुकातल्या बिघाडाने त्यांच्या अंगात लेप्टिन हे संप्रेरकच बनत नव्हतं. पुढे मुलीला लेप्टिन दिलं आणि तिचं वजन उतरलं. अशाच काही दुर्मीळ बिघाडांसाठी सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२० मध्ये मंजूर झालं आणि ते देण्याआधी जनुक चाचणी लागते. तिथे चाचणी खरंच उपचार ठरवते.

तुमच्याआमच्या वाढलेल्या पोटाचं तसं नाही. त्यात शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला: कुणाला कमी चरबीचा, कुणाला कमी पिठा-साखरेचा आहार. जनुकं बघून कुणाला कोणता आहार लागू पडेल ते सांगता येतं का? २०१८ मध्ये निकाल आला: नाही. सेमाग्लुटाइड कुणाला जास्त लागू पडेल यावर संशोधन चालू आहे, पण ते सुरू करायला कोणतीही जनुक चाचणी सक्तीची नाही.

उलट त्याच्या माहितीपत्रकावर आनुवंशिकतेचा एक इशारा ठळक आहे: घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हे औषध घेऊ नका. त्याला थुंकीचा नमुना लागत नाही. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला की झालं.

आपल्याकडे

टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचं वजनाचं इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. म्हणजे स्वस्त इंजेक्शनं तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोचणार आणि जाहिरातीही. स्वस्त होणं चांगलंच. मधुमेह घरोघरी आहे.

आणि आपली प्रकृती वेगळी आहे हेही खरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीयात चरबी लपलेली असते. याज्ञिकांनी त्याचं मूळ शोधलं ते पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांच्या ताटात, आईच्या पोषणात. त्याला अनेक वर्षं बायाबापड्यांच्या दारी जावं लागलं. व्यक्तीनुसार उपचार करायचे तर अशी मेहनत लागते.

म्हणून उद्या कुणी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणत आलं तर तीन गोष्टी विचारा. हे औषध कुणी बनवलं आणि बाटलीवर परवाना क्रमांक व बॅच नंबर आहे का? माझ्या कोणत्या तपासणीमुळे डोस बदलला? आणि चाचणीचा निकाल वेगळा आला असता तर तुम्ही मला दुसरं काय दिलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर चाचणीचे पैसे वाचवा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.

तुमच्या भागात अशी इंजेक्शनं चिठ्ठीशिवाय मिळत असतील तर मला कळवा. नाव गुप्त ठेवेन.