तापीखोऱ्यातील स्वतंत्र भारवाहक आणि परतीचे भाडे

तापी व गोमाई ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून भाविकांस परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस त्याची ओळख आहे ती तेथील पांढरीच्या टेकाडामुळे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४-५५ मध्ये येथे उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर उघडकीस आले आणि लोहयुगीन थरांत उत्तरेकडील काळ्या झिलईदार भांड्यांचे तुकडेही मिळाले. गंगेच्या खोऱ्याशी संबंध असलेली ही भांडी तापीकाठी पोहोचली, ह्याचाच अर्थ त्या प्राचीन काळीही दूरचा माल वाहून आणणारे लोक होते. स्वतःचे जनावर वा वाहन बाळगणाऱ्या अशा भारवाहकास भार कोठून मिळे आणि माल उतरविल्यावर परतीच्या वाटेवर तो काय नेई, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारी मोठी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी जात असे. नंदुरबार तापीच्या दक्षिणेस आणि थाळनेर उत्तर तीरावर असल्यामुळे मधे कोठेतरी नदी उतरणे भागच होते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये ह्याने ही वाट टप्प्याटप्प्याने वर्णिली आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असत, असे तो सांगतो. जेथे तांदूळ पिकत नाही तेथे तांदूळ, जेथे धान्य नाही तेथे धान्य आणि जेथे मीठ नाही तेथे मीठ हे तांडे पोहोचवीत. १६३० च्या भीषण दुष्काळात नंदुरबारवरून आग्र्यास गेलेला इंग्रज पीटर मंडी ह्यास पुढे १६३२ मध्ये आग्रा-पाटणा मार्गावर चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. त्याचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. हे लोक क्वचित व्यापाऱ्यांचे भाडे घेतात. बहुधा ते स्वतःच व्यापारी असून स्वस्ताईच्या मुलखात धान्य घेऊन महागाईच्या मुलखात विकतात आणि तेथून मीठ, साखर, तूप असा दुसरा माल भरून पुढे जातात, असे त्याने नोंदविले आहे.

लमाणांच्या स्वातंत्र्याचे मर्म ह्या नोंदीत सापडते. बैल त्यांचे होतेच. परंतु गोणीतील मालही बहुधा त्यांचाच असल्यामुळे परतीच्या भाड्यासाठी त्यांस कोणाच्या दारी जावे लागत नसे. शिवाय बैल वाटेवरच्या गवतावर चरत आणि कुटुंब तांड्याबरोबर असे. त्यामुळे चार दिवस मुक्काम पडला तरी फारसे नुकसान होत नसे. भाड्यानेच माल नेणाऱ्यांची स्थिती निराळी होती. मराठी मुलखात हुंडेकरी नावाचा मध्यस्थ वाटेवरील जकातीसह माल पोहोचविण्याचा एकंदर मक्ता घेई आणि बैलवाल्यास ठरीव रक्कम देई. कोणता माल कोठे जावयाचा आहे हे हुंडेकऱ्यास ठाऊक असे, आणि ह्या माहितीमुळेच दर ठरविणे त्याच्या हाती राही.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यानंतर हळूहळू रस्ते झाले आणि गोणीच्या बैलांची जागा गाड्यांनी घेतली. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात पोहोचली. सुरत-अमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. हा लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून नंदुरबारवरून जातो. साहजिकच उत्तर तीरावरील गाडीवानाचा लांबचा प्रवास संपला आणि शेतापासून स्थानकापर्यंतचे भाडे तेवढे त्याच्या वाट्यास आले. लमाणांची हानी अधिक झाली. मीठ आगगाडीने येऊ लागले, १८७८ च्या वन कायद्याने कुरणे आकुंचित झाली, आणि १८७१ च्या कायद्यान्वये काही बंजारा गटांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो स्वातंत्र्योत्तर काळात, १९५२ मध्ये पुसला गेला.

मालमोटारीने लांबचा रस्ता पुन्हा खुला केला, पण त्यावर परवान्याचे बंधन आले. रेल्वेचे हित डोळ्यांपुढे ठेवून झालेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना विशिष्ट क्षेत्रापुरता मर्यादित केला. क्षेत्राबाहेर जाण्यास तेथील अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले, तेव्हा सुरतेची जुनी वाट प्रकाशाच्या मालमोटारवाल्यास परराज्याची झाली. मसानी समितीने १९५९ मध्ये लहान वाहनमालकांनी एकत्र येऊन पुरेशा मोठ्या संस्था उभाराव्यात, असा विचार मांडला. पुढे १९७५ च्या राष्ट्रीय परवाना योजनेने आणि १९८८ च्या नव्या कायद्याने परवान्याची अडचण पुष्कळ कमी केली.

भाराची अडचण मात्र उरली. शहादे परिसरातील पपई, केळी व कापूस आणि नंदुरबारची मिरची ह्यांमुळे हंगामात बाहेर जाणाऱ्या मालास तोटा नसतो. नवा मालक कर्ज काढून ट्रक घेतो, ट्रान्सपोर्टच्या कचेरीत नाव देतो, बिल्टीबरोबर डिझेलपुरती उचल घेतो, आणि उरलेले भाडे पोच परत आणल्यावर मिळवितो. पपई नाशवंत असल्याने निघताना त्याचा खोळंबा होत नाही. परंतु उत्तरेच्या अनोळखी बाजारात माल उतरला की परतीच्या भाड्यासाठी त्यास तेथील दलालाकडे जावे लागते. थांबावे तर दिवस बुडतो, रिकामे यावे तर डिझेल बुडते. म्हणून मिळेल त्या दरास तो होकार देतो. माल हंगामी, कर्जाचा हप्ता मात्र दरमहाचा. १९८८ च्या कायद्याच्या कलम ९३ ने माल गोळा करणाऱ्या व पाठविणाऱ्या मध्यस्थांस अनुज्ञप्ती सक्तीची केली. भाड्याचा सौदा मात्र दोघांच्या गरजेवरच ठरत राहिला.

ह्या परंपरेवरून असे दिसते की, वाहनाच्या मालकीने भारवाहक स्वतंत्र होत नाही. लमाण स्वतंत्र होता, कारण जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही भार त्याच्या स्वतःच्या हिशेबात असत. आज एका ट्रकच्या मालकास माल विकत घेणे परवडणारे नाही. तथापि दूरच्या बाजारातील दोन-चार मालधन्यांशी थेट परिचय ठेवणे, किंवा एकाच वाटेवरील मालकांनी परतीच्या भाड्याची माहिती परस्परांस देणे त्यास शक्य आहे. पूर्वी तांड्याचा नाईक जे जाणत असे, ते ट्रकमालकांस असे एकमेकांच्या साहाय्याने जाणून घेता येईल.