विद्यार्थी समुपदेशन सेवा : व्याप्ती आणि मर्यादा
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत ग्रंथालय, वसतिगृह व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या जोडीला ‘समुपदेशन कक्ष’ हा उल्लेख आता सर्रास आढळतो. तथापि या कक्षाने विद्यार्थ्याला काय द्यावे आणि काय देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, याविषयी प्राध्यापकवर्गातही पुरेशी स्पष्टता दिसत नाही. या संदिग्धतेची मुळे समुपदेशनाच्या इतिहासात आहेत. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यवसाय मार्गदर्शनाचा कालखंड :
भारतात शैक्षणिक समुपदेशनाचा उगम मानसोपचारात नव्हे, तर व्यवसाय मार्गदर्शनात झाला. कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये या कार्यास आरंभ झाला. १९५० मध्ये मुंबई सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शनाची यंत्रणा उभी केली. त्या वेळी उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात असल्याने या सोयीच्या कक्षेबाहेर राहिला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) उच्च शिक्षणात दर हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी शिफारस केली. ग्रंथपाल व शारीरिक शिक्षण संचालक ही पदे महाविद्यालयांत रूढ झाली. समुपदेशकाचे पद मात्र तसे रूढ झाले नाही.

आपत्तीतून आलेली जाणीव :
जिल्ह्याला समुपदेशनाची निकड जाणवली ती वर्गाबाहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीप्रमाणेच तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर परिसरही उद्ध्वस्त केला. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. घर बांधून दिले म्हणजे पुनर्वसन पूर्ण होत नाही, हे या आपत्तीने दाखवून दिले. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले. या अभियानाचा रोख शेतकरी कुटुंबावर होता. त्याच कुटुंबातील मुलगा वा मुलगी महाविद्यालयात शिकत असते, हा दुवा शैक्षणिक व्यवस्थेने मात्र पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.

नियमांची चौकट :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी नवागतांच्या समुपदेशनाचा आग्रह धरला. आयोगाच्या २०१५ च्या सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत २५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक ही कल्पना मांडली गेली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमण्याचे निर्देश दिले. कोठारी आयोगाच्या शिफारशीपासून या निर्देशापर्यंत सुमारे सहा दशके लोटली.

सेवेची व्याप्ती व मर्यादा :
हा कक्ष विद्यार्थ्याचे शांतपणे ऐकून घेणे, अभ्यास व परीक्षेच्या ताणाविषयी मार्गदर्शन करणे, धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे ही कार्ये करू शकतो. निदान व औषधोपचार हे मानसोपचारतज्ज्ञाचे कार्य होय. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाशी दुवा हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही दूरध्वनी सेवाही उपयुक्त ठरते. विद्यापीठ परिसरातील सोय परंडा वा उमरगा येथील विद्यार्थ्याला रोजच्या उपयोगाची नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. परंतु आपल्याकडे बहुधा मानसशास्त्राचे प्राध्यापकच समुपदेशक असतात आणि तेच अंतर्गत गुण व उपस्थितीची नोंदही करतात. ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यापुढे मन मोकळे करणे विद्यार्थ्याला अवघड जाते. तिसरी मर्यादा आर्थिक आहे. दुष्काळात खोलीचे भाडे व खाणावळीचे पैसे थकलेल्या विद्यार्थ्याची चिंता केवळ संवादाने मिटत नाही. तेथे शिष्यवृत्तीची वेळेवर पूर्तता आणि ‘कमवा व शिका’ योजना हेच खरे साहाय्य ठरते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, समुपदेशन कक्षाकडून सर्व प्रश्नांच्या उत्तराची अपेक्षा करणे जितके चुकीचे, तितकेच केवळ मूल्यांकन अहवालातील एका रकान्यासाठी तो चालविणेही चुकीचे आहे. गुणदानाशी संबंध नसलेली व्यक्ती समुपदेशक म्हणून नेमणे, गोपनीयतेचा लेखी नियम करणे आणि कक्ष काय देऊ शकत नाही हे विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाला शक्य आहे. भूकंप आणि दुष्काळ या दोन्हींचे घाव सोसलेल्या जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांनी या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.