सहा जण, एक जाळी आणि रातपाळी

मंडळी, सुरतमधल्या आपल्या लोकांच्या आठवणी निघाल्या की गणपती, मराठी शाळा, भाड्याच्या खोल्या, सगळं येतं. खेळाचं फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आज व्हॉलीबॉल. त्यातही नव्या क्लबची टीम पहिल्यांदा टूर्नामेंटला उतरली, ती गोष्ट.

आधी थोडं मागे जातो. हा खेळ १८९५ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी जन्मला. वायएमसीएतले विल्यम मॉर्गन यांच्याकडे कामधंदा आटोपून मोठी माणसं व्यायामाला यायची. बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपत नव्हती. मॉर्गननी टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर बांधली आणि अंगाला अंग न लागणारा खेळ काढला. नाव ठेवलं मिंटोनेट. पुढच्या वर्षी शेजारच्या स्प्रिंगफील्डला पाच-पाच जणांच्या दोन टीमनी तो खेळून दाखवला, आणि तिथे त्याला व्हॉलीबॉल हे नाव मिळालं.

होल्योक म्हणजे नदीकाठचं गिरण्यांचं गाव. कागद, सूत, रेशीम. म्हणजे दमून आलेल्या माणसांसाठी, गिरणगावात निघालेला हा खेळ. तो सुरतच्या लूमवाल्यांना आवडला यात नवल ते काय!

भारतात हा खेळ वायएमसीएनेच आणला. मद्रासला १९२० मध्ये त्यांचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू झालं. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला. खेड्यापाड्यांत मात्र तो पसरला स्वस्ताईमुळे. दोन बांबू, एक जाळी, एक बॉल, झालं मैदान. खानदेशातल्या कितीतरी शाळांत हेच होतं. अमळनेर, शिरपूर, नंदुरबारकडची जी पोरं तापी लाईनच्या गाडीने उधन्याला उतरली, ती हा खेळ हातात घेऊनच उतरली.

पण खेळायची ती गावासाठी. अखाजीला, दिवाळीला गावी गेली की गावच्या टीममध्ये उभी राहायची. सुरतमध्ये नुसता टाइमपास. लिंबायत-डिंडोलीकडे तेव्हा मोकळे प्लॉट बरेच होते. एका प्लॉटवर संध्याकाळी जाळी लागायची, जो येईल तो खेळायचा. जाळी फाटली की नायलॉनच्या दोऱ्याने गाठी मारायच्या. वरची पट्टी फाटली तेव्हा कारखान्यातल्या ग्रे कापडाची शिवली होती.

१९९०च्या आसपास तिथल्याच पोरांनी क्लब काढायचं ठरवलं. सहा जण जमले. चार खानदेशी, पण चौघांची गावं चार. एक गुजराती, बाजूच्या सोसायटीतला. एक ओडिया, लूमवर बरोबरीने उभा राहणारा. सातवा नव्हताच. वर्गणी काढून बनियनवर नंबर छापून घेतले.

हिवाळ्यात, उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी, एक टूर्नामेंट होती. फॉर्मवर दोन रकाने: टीमचं नाव आणि गाव. नाव सुचलं, गावावर गाडी अडली. चौघांची चार गावं, आणि उरलेल्या दोघांनी काय करायचं? कॅप्टनने शेवटी लिहिलं, 'सुरत'. वस्तीतल्या एका आबांना ते लागलं. "गावनं नाव काबर नही टाकं रे भो?" ते दोन दिवस विचारत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. माणूस कुठला, हे तेव्हा गावावरूनच कळायचं.

खरी अडचण वेगळी होती. दोघे जण रातपाळीला. पाळी सात ते सात, बारा तासांची. खाडा पडला तर पैसे जाणार, आणि लूम दुसऱ्याच्या हाती जाण्याची भीती. त्यात तेव्हाचा नियम असा की ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. पंधराचा सेट कधी वीस मिनिटांत संपे, कधी तासभर लोंबकळे. मॅच किती वाजता संपेल, हे अंपायरलाही सांगता येत नसे.

पहिली मॅच सकाळी झाली आणि जिंकली. कोणालाच खरं वाटेना.

दुसरी सुरू व्हायला दुपार उलटली. पहिला सेट तेरा-तेरा. बॉल उंच उडून मधोमध आला. गुजराती पोरगा ओरडला, "मारो!" म्हणजे 'माझा आहे, सोडा'. बाकीच्यांनी ऐकलं ते हिंदीतलं 'मारा'. तिघे एकदम उडाले, तिघे एकमेकांवर आपटले, बॉल मधोमध जमिनीवर. बघणारे पोट धरून हसले. कॅप्टनने टाइमआऊट घेतला आणि ठरवलं, यापुढे सगळ्यांनी एकच शब्द ओरडायचा: 'मी'. एका अक्षराचं काम. त्या दिवशी तो गुजराती आणि तो ओडिया, दोघेही घसा फाटेस्तोवर "मी! मी!" करत होते.

पहिला सेट गेला, दुसरा आला. तिसरा रेंगाळला. साडेसहा वाजले. सहाच्या सहा हवेत, बदली नाही. तेवढ्यात एकाचे वडील मैदानावर आले. स्वतः दिवसपाळी करून आलेले. मुलाला म्हणाले, "तू खेळ, मी उभा राहतो." आणि उलट्या पावली कारखान्याकडे गेले. दुसऱ्याच्या लूमवर त्याचा खोलीवाला गेला. मैदानावर बदली नव्हता, कारखान्यात दोन मिळाले.

तिसरा सेट हरले. मग दोघे घामाच्या बनियनवरच पाळीला पळाले. आबा रात्री विचारायला आले, "काय झालं मग आपल्या सुरतचं?"

१९९४च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि वस्त्या ओस पडल्या. मिळेल त्या गाडीने लोक गावाकडे गेले. ही पोरंही गेली. थोड्या आठवड्यांनी एकेक जण परतला, आणि त्या प्लॉटवर पुन्हा जाळी लागली. 'सुरत' हा शब्द फॉर्मवर लिहिणं सोपं होतं. तो खरा केला तो या परत येण्याने.

शतक संपता संपता नियम बदलला, प्रत्येक रॅलीला पॉइंट आला. मॅच आता बऱ्यापैकी वेळेत संपते. रातपाळीवाल्यांना ते दहा वर्षं आधी हवं होतं. प्लॉटवर आता इमारती आहेत, त्या सहांतल्या काहींची नातवंडं तिथेच शाळेत जातात.

तुमच्या गल्लीतही अशी टीम असेलच. जाळी कोणी आणली, बॉलला पैसे कोणी दिले, फॉर्मवर गाव काय लिहिलं, जरूर लिहा. घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून घ्या.